शौचावाटे रक्त पडतंय : सांगली-मिरजेकडच्या ओपीडीत नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी सर्जन आहे, पोटाच्या आणि गुदमार्गाच्या तक्रारी बघतो. आत आल्यावर माणसं 'पोट साफ होत नाही' एवढंच सांगतात. औषधाची चिठ्ठी घेऊन उठतात, दारापर्यंत जातात, आणि दार अर्धं उघडून म्हणतात, "साहेब, अजून एक विचारायचं होतं." ते 'अजून एक' म्हणजे संडासला पडणारं रक्त. दारात उभं राहून विचारलेले असे प्रश्न इथे घेतले आहेत.

शौचाला रक्त पडतंय म्हणजे मूळव्याधच ना?

बहुतेकदा मूळव्याध किंवा फिशर, म्हणजे गुदद्वाराला पडलेली चीर, यांपैकी काहीतरी निघतं. पण 'बहुतेकदा' आणि 'तुमचं' यात फरक आहे. आपल्याकडे मूळव्याध हे आजाराचं नाव राहिलेलंच नाही. खाली रक्त दिसलं की घरात कुणीतरी तो शब्द उच्चारतं, आणि तिथून पुढे दोन-दोन वर्षं तेच नाव चालतं. तपासलेलं कुणीच नसतं.

शौचावाटे रक्त येण्याची इतरही कारणं आहेत. मोठ्या आतड्यातला पॉलिप (आतल्या अस्तरावर उगवलेली मांसल गाठ), आमांश म्हणजे रक्ती आव, अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडण्याचा जुनाट आजार), आतड्याचा टीबी, उतारवयात आतड्याच्या भिंतीतल्या नाजूक रक्तवाहिन्या फुटणं, आणि गुदाशयाचा किंवा मोठ्या आतड्याचा कॅन्सर. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी शेक घेतलेल्या बायकांना काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही असं रक्त पडू शकतं, कारण किरणांनी शेजारच्या गुदाशयाचं अस्तरही नाजूक झालेलं असतं. यातलं काही मूळव्याधीच्या मलमानं बरं होत नाही.

आणखी एक घोळ असा, की मूळव्याध आणि कॅन्सर एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात. मूळव्याध खरोखरच सापडली म्हणून वरचं आतडं ठीक आहे असं ठरत नाही.

रक्ताच्या रंगावरून काही कळतं का?

पुष्कळ कळतं, म्हणून शौचाहून उठताना एकदा मागे वळून बघायची सवय ठेवा. आपल्या देशी भांड्यात मळ कोरड्या जागी पडतो, त्यामुळे रंग नीट दिसतो. कमोडमध्ये पाण्यात दोन थेंब पडले तरी सगळं पाणी लाल दिसतं आणि माणूस हबकतो. गावाकडच्या संडासात उजेड नसेल तर मोबाइलची बॅटरी लावा. फोटो काढलात तरी चालेल. डॉक्टरला त्याची किळस येत नाही, उलट मदत होते.

ताजं लालभडक रक्त, मळाला वरून लागलेलं किंवा शौचानंतर थेंबथेंब, कधी पिचकारीसारखं, असेल तर ते बहुधा गुदद्वाराजवळचं असतं. काळपट लाल, मळात मिसळलेलं, सोबत आव असेल तर ते वरून, आतड्यातून आलेलं असण्याची शक्यता वाढते. आणि डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची संडास म्हणजे रक्त जठरातून किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून येतंय. वाटेत पचनामुळे ते काळं होतं. हे लाल नसतं म्हणून लोक त्याला रक्त समजत नाहीत, आणि इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो. कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणून महिनोन्महिने खाणारे शेतकरी आणि मजूर आमच्याकडे याच तक्रारीनं येतात. गोळ्यांनी जठराला व्रण झालेला असतो. दारूनं लिव्हर खराब झालेल्यांना अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटूनही अशी काळी संडास होते.

रंगावर शंभर टक्के विसंबता मात्र येत नाही. वरून खूप जोरात रक्तस्राव झाला तर तेही लालच बाहेर येतं, पण तेव्हा माणूस गळून गेलेला असतो.

ते रक्तच असेल कशावरून?

चांगला प्रश्न. बीट खाल्लं की संडास लाल होते हे बऱ्याच जणांना माहीत असतं. आता आपल्या जत-कवठेमहांकाळ भागात ड्रॅगन फ्रूटच्या बागा झाल्यात. लाल गराचं फळ भरपूर खाल्लं तर दुसऱ्या दिवशी संडास आणि लघवी दोन्ही गुलाबी-लाल होऊ शकतात. लोहाच्या गोळ्यांनी संडास काळी-हिरवट होते, पण ती डांबरासारखी चिकट नसते. गेल्या दोन दिवसांत काय खाल्लं ते आठवा. खाणं थांबवूनही दोन-तीन दिवसांत रंग गेला नाही तर दाखवा.

मला दुखत अजिबात नाही. मग काळजी कशाला?

दुखत नाही म्हणूनच. आतल्या मूळव्याधीला वेदनेच्या नसा नसतात, ती न दुखता रक्त सांडते. गुदाशयातली गाठही सुरुवातीला दुखत नाही. वेदना हा इथे आजार मोजायचा काटा नाही. जे सगळ्यात जास्त दुखतं ते फिशर सगळ्यात कमी धोक्याचं असतं.

मला तर काच कापल्यासारखं दुखतं, नंतर तास-दोन तास आग होते.

वर्णन फिशरचं आहे. कडक मळ उतरताना गुदद्वाराची त्वचा चिरते, दुखतं म्हणून माणूस शौचाला जायचं टाळतो, मळ आणखी कडक होतो, आणि चीर पुन्हा उघडते. हे चक्र तोडलं की बहुतेक नव्या चिरा सहा आठवड्यांच्या आत भरून येतात. टबात किंवा घमेल्यात कोमट पाणी घेऊन दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं बसा. मळ मऊ ठेवायला इसबगोल घ्या, पण ते पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्या, वर आणखी पाणी प्या. कोरडं किंवा थोड्याशा पाण्यात घेतलं तर उलट अडकतं. स्नायू सैल पडायला डॉक्टर डिल्टियाझेमसारखं मलम देतात. हे आठवड्याभरानं सोडून देऊ नका, आगीला आराम पडला तरी चीर भरायला वेळ लागतो.

एकदम मोठा, निळसर, टणक आणि ठणकणारा गोळा बाहेर आला असेल तर तो बाहेरच्या मूळव्याधीत रक्त गोठल्याचा असतो. दोन-तीन दिवसांच्या आत आलात तर तो छोट्या शस्त्रक्रियेनं काढून पटकन आराम देता येतो. उशिरा आलात तर बहुधा तो आपोआपच ओसरू द्यावा लागतो.

'उष्णता' झालीय. चिकन आणि तिखट बंद केलं की थांबेल ना?

सांगलीत भडंग बंद करायला सांगणारा डॉक्टर फार काळ टिकणार नाही! तिखटानं आधीच असलेल्या चिरेची आग वाढते हे खरं, पण तिखटामुळे मूळव्याध होत नाही. मूळ दोष कुंथण्यात आणि कडक मळात आहे. शौचाला मोबाइल घेऊन वीस मिनिटं बसणाऱ्यांना भडंगापेक्षा मोबाइल जास्त नडतो.

सब्जा, ताक, गुलकंद यांनी नुकसान काही नाही. सुरणाला संस्कृतात अर्शोघ्न म्हणतात, अर्श म्हणजे मूळव्याध, ती घालवणारं. भाजी म्हणून जरूर खा. शाळूची भाकरी, पालेभाजी, सालीसकट कडधान्यं, रात्री भिजवलेले तासगावचे बेदाणे यांनी मळ मऊ राहतो. मेहनतीच्या कामात पाणी कमी पडतं, तेही बघा. ऊसतोडीला गेलेल्या बायका फडात आडोसा नाही म्हणून पाणीच कमी पितात आणि शौच दाबून धरतात. त्यांना 'पाणी भरपूर प्या' एवढंच सांगून चिठ्ठी लिहिताना मला नेहमी ओशाळल्यासारखं होतं.

फक्त 'उष्णता' या शब्दावर तपासणी पुढे ढकलू नका.

ताबडतोब दवाखान्यात कधी जायचं?

एका वेळी कपभर किंवा त्याहून जास्त रक्त, गाठी पडणं, पुन्हा पुन्हा फक्त रक्ताचीच संडास होणं, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, घाम फुटून अंग गार पडणं, छातीत धडधड, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी संडास, किंवा रक्तासोबत पोटात असह्य दुखणं वा ताप. यातलं काहीही असेल तर सकाळ व्हायची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. मोटारसायकलवर मागे बसवून आणू नका. चक्कर येऊन माणूस रस्त्यात पडतो. जत किंवा आटपाडीकडून मिरजेला यायला दीड-दोन तास सहज जातात, तेव्हा आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सलाईन लावून, नाडी आणि रक्तदाब बघून पुढे पाठवणं जास्त सुरक्षित. गाडीत असताना खायला-प्यायला काही देऊ नका, दुर्बिणीची तपासणी लागू शकते.

एवढं काही नाही, थोडंसंच पडतं. मग किती दिवस थांबू?

एकदाच, कुंथल्यावर, चार थेंब, वय तरुण, बाकी काही त्रास नाही, तर आठवडाभर मळ मऊ ठेवून बघायला हरकत नाही. दुसऱ्यांदा पडलं की दाखवा.

पण पुढच्यापैकी काही असेल तर हा आठवडाही घेऊ नका. वय पंचेचाळीसच्या पुढे आहे. गेल्या काही आठवड्यांत शौचाची सवय बदललीय, कधी बद्धकोष्ठता तर कधी पातळ. सारखं शौचाला लागल्यासारखं वाटतं पण जाऊन बसलं की आव आणि रक्ताशिवाय काही होत नाही. वजन उतरतंय, कपडे सैल झालेत. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला आतड्याचा कॅन्सर किंवा पॉलिप होता. किंवा हिमोग्लोबिन कमी आलंय.

शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबतो. रोज चमचाभर रक्त जात राहिलं तर माणसाला ते जाणवत नाही, पण वर्षभरात हिमोग्लोबिन सहा-सातवर येतं. मग गावात लोहाची इंजेक्शनं होतात, कधी रक्ताच्या बाटल्या चढतात, अंगात थोडी ताकद येते आणि गळती तशीच चालू राहते. पुरुषाचं, किंवा पाळी गेलेल्या बाईचं, लोहाच्या कमतरतेनं हिमोग्लोबिन घटलं असेल तर रक्त कुठून जातंय ते शोधलंच पाहिजे, संडासला लाल दिसो वा न दिसो.

'गोडी छाटणी झाली की येतो', 'माल उतरला की येतो', 'बेदाणा शेडवरून निघाला की येतो' ही बागायतदारांची वाक्यं मला पाठ आहेत. छाटणी चुकली तर पीक जातं, हे मला कळतं. पण पहिली तपासणी पाच मिनिटांची असते, ती सांगलीच्या बाजाराच्या दिवशीही उरकते.

मी तीस वर्षांचा आहे. या वयात कॅन्सर थोडाच होणार?

शक्यता कमी, शून्य नाही. आपल्या देशात गुदाशयाच्या कॅन्सरचे रुग्ण पाश्चात्त्य देशांच्या मानानं तरुण वयात दिसतात. अमेरिकेत काही त्रास नसलेल्या लोकांची तपासणी पन्नाशीत सुरू करायचे, तिथेही २०२१ साली ते वय पंचेचाळीसवर आणलं. आणि हे वय ज्यांना रक्त पडत नाही त्यांच्यासाठी आहे. रक्त पडतंय त्याला वयाची सूट नाही. तरुणांत उशीर होतो तो रुग्णामुळे आणि डॉक्टरमुळेही, दोघांनाही 'मूळव्याध' म्हणायची घाई असते.

लहान मुलाच्या शीमध्ये रक्त दिसलं.

बहुधा कडक शी आणि छोटी चीर. दोन ते आठ-दहा वर्षांच्या मुलांत न दुखता रक्त पडत असेल तर पॉलिप असू शकतो, तो साधा असतो आणि दुर्बिणीतून निघतो. पण वर्षाच्या आतबाहेरचं बाळ पाय पोटाशी घेऊन थांबून थांबून कळवळतंय, उलट्या होताहेत आणि लाल जेलीसारखी शी झाली, तर आतडं आतड्यात शिरलेलं असू शकतं. तेव्हा घुटी देत बसू नका, काही तासांत बालशल्यचिकित्सकाची सोय असलेल्या रुग्णालयात पोचवा.

गरोदरपणात रक्त पडतंय.

वाढत्या गर्भाचा दाब आणि बद्धकोष्ठता यांमुळे मूळव्याध पुष्कळ जणींना होते, बाळंतपणानंतर बरीच ओसरते. रक्त मागून येतंय की योनीतून, हे आधी नक्की करून घ्या. शंका असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे लगेच जा.

हृदयाच्या गोळ्या चालू आहेत. त्या बंद करू?

स्वतःहून नाही. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन यांनी रक्त जास्त वेळ वाहतं, पण स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) टाकलेला असताना गोळी एकदम सोडली तर स्टेंट बुजू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरला विचारा. 'गोळ्यांमुळे पडतंय' म्हणून विषय मिटवू नका. गोळी रक्त वाढवते, ते जिथून येतं ती जागा बहुधा आधीचीच असते.

डॉक्टर नेमकं काय करतात? खरं सांगू का, लाज वाटते.

तुम्हाला कुशीवर झोपवून, गुडघे पोटाशी घ्यायला सांगून, आधी बाहेरून बघतात. मग हातमोजा आणि जेली लावून बोटानं तपासतात. गुदाशयातल्या बऱ्याच गाठी बोटाच्या टप्प्यात असतात. त्यानंतर प्रॉक्टोस्कोप नावाची छोटी नळी घालून आतली मूळव्याध बघतात. चीर फार दुखत असेल तर बोटाची तपासणी काही दिवस पुढे ढकलली जाते, पण रद्द होत नाही. पांघरूण मागा. बायकांनी सोबत नर्स हवी किंवा महिला डॉक्टर हवी असं सांगावं, तो तुमचा हक्क आहे.

न तपासता, टेबलापलीकडून नुसतं ऐकून मूळव्याधीच्या गोळ्या लिहून दिल्या तर विचारा, "डॉक्टर, तपासून घेता का?" एवढं विचारल्यानं कुणाचा अपमान होत नाही.

कोलोनोस्कोपी सगळ्यांनाच लागते का? फार त्रास होतो म्हणे.

कोलोनोस्कोपी म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघणं. ती सगळ्यांना लागत नाही. तरुण माणूस, चीर डोळ्यांना दिसतेय, उपचारानं रक्त थांबलं, तर बहुधा गरज पडत नाही. वर सांगितलेली धोक्याची लक्षणं असतील किंवा रक्ताचा हिशेब लागत नसेल तर लागते.

त्रास तपासणीचा कमी, तयारीचा जास्त. आदल्या दिवशी हलकं खाऊन पोट धुणारी पावडर दोन लिटर पाण्यात मिसळून, साधारणपणे अर्धी संध्याकाळी आणि अर्धी पहाटे प्यायची असते. लिंबू पिळा, गार करून प्या, स्ट्रॉनं ओढा. शेवटी संडास पिवळसर पाण्यासारखी झाली पाहिजे. तिथे कंटाळा केला तर आत काही दिसत नाही आणि सगळं परत करावं लागतं. एक व्यवहारातली गोष्ट : हे औषध पिऊन विटा किंवा शिराळ्याहून एसटीनं यायचं धाडस करू नका. आदल्या रात्री सांगली-मिरजेत पाहुण्यांकडे मुक्काम करा किंवा दाखल व्हा. मधुमेहाची औषधं आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांचं काय करायचं ते आधीच विचारून घ्या.

तपासणीला गुंगीचं इंजेक्शन देतात, अर्ध्या-पाऊण तासात उरकते. आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो, साध्या तपासणीत हजारात एक किंवा त्याहून कमी. पॉलिप दिसला तर तिथेच काढता येतो. पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण दहाएक वर्षं लागतात, म्हणजे तो आज काढला की तिथला पुढचा आजारच टळतो. त्या दिवशी गाडी चालवू नका.

मूळव्याधच निघाली तर ऑपरेशन करावंच लागतं?

बहुतेकांना नाही. पहिल्या-दुसऱ्या पायरीची, म्हणजे आतच राहणारी किंवा बाहेर येऊन आपोआप आत जाणारी, आहार आणि औषधांनी आटोक्यात येते. नाहीच थांबली तर ओपीडीत रबरबँड लावता येतो. त्यानं रक्तपुरवठा तुटून कोंब सुकून पडतो. बोटानं आत ढकलावे लागणारे किंवा बाहेरच राहणारे कोंब असतील तर ऑपरेशनचा विचार. लेझर, स्टेपलर, नेहमीची शस्त्रक्रिया यांत कुठलं, हे कोंबाच्या आकारावर ठरावं, जाहिरातीवर नाही.

एसटी स्टँडजवळच्या पाटीवर 'हमखास इलाज, बिना ऑपरेशन' लिहिलंय.

डिग्री लिहिलीय का ते बघा. वैदू किंवा बोगस माणूस तिथे जळणारं औषध भरतो किंवा लावतो, कोंब गळून पडतो, आणि दोन महिन्यांनी गुदद्वार आक्रसून करंगळीही जात नाही अशा अवस्थेत रुग्ण आमच्याकडे येतो. त्याची दुरुस्ती मूळ आजारापेक्षा अवघड असते.

हे मी आयुर्वेदाबद्दल बोलत नाही. सुश्रुतांनी अर्शावर औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार मार्ग सांगितले आहेत, आणि भगंदरासाठी (गुदद्वाराशेजारी होणारी, आतपर्यंत गेलेली नळीसारखी जखम) शिकलेल्या वैद्यानं केलेलं क्षारसूत्र, म्हणजे त्या नळीत ओवलेला औषधी क्षार लावलेला दोरा, हा चांगला उपचार आहे. शल्यतंत्रात एम.एस. केलेले वैद्यही आधी तपासूनच उपचार ठरवतात. पॅथी कुठलीही असो, कुणीतरी बोट घालून बघितलंय का, हे विचारा.

कॅन्सर निघाला तर पोटावर पिशवी लावतात, त्यापेक्षा न तपासलेलं बरं.

असं म्हणणारी माणसं मी आदरानं ऐकतो, कारण ही भीती खरी आहे. शेतात वाकून काम करणाऱ्याला, वारीला पायी जाणाऱ्याला पोटावर पिशवी ही कल्पनाच नको वाटते. पण हिशेब उलटा आहे. गाठ लहान असताना सापडली तर बऱ्याच जणांचं गुदद्वार वाचवता येतं. कायमची पिशवी मुख्यतः गाठ अगदी खाली, स्नायूत शिरलेली असेल तर लागते. बऱ्याचदा पिशवी तात्पुरती असते, आतला जोड भरून आला की काही महिन्यांनी काढतात. आजार आतड्यापुरताच असताना उपचार झाले तर दहातले साधारण नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. लिव्हरपर्यंत पसरल्यावर हा आकडा फार खाली येतो. आणि कायमची पिशवी लागलेले लोकही शेती करतात, लग्नकार्याला जातात, पंगतीत बसून जेवतात.

खर्च कुठून आणायचा?

पहिल्या तपासणीला खर्च फारसा नाहीच. सांगलीचं पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, आणि मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे ओपीडी चालते. कॅन्सरचे उपचार लागले तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवा, आणि रुग्णालयात गेल्या गेल्या आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेचं काम बघणाऱ्या तिथल्या माणसाला, गाठा. बिल झाल्यावर गाठून उपयोग नसतो.

जाताना काय सांगू?

कधीपासून, कुठल्या रंगाचं, मळात मिसळलेलं की वरून, दुखतं की नाही, वजन, घरातला इतिहास आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, मेडिकलमधून आणलेल्यासुद्धा. पट्ट्या पिशवीत घालून आणल्या तर सगळ्यात उत्तम. आणि हे दारात उभं राहून नको, खुर्चीवर बसल्या बसल्या पहिल्यांदा सांगा.

आठ दिवस झाले, रक्त आपोआप थांबलं. आता कशाला यायचं?

मूळव्याधीचं रक्त अधूनमधून थांबतं. पॉलिपचंही थांबतं. गाठीचंही थांबतं, आणि महिन्यानं परत येतं. मधल्या काळात घेतलेल्या औषधाला, पथ्याला किंवा नवसाला त्याचं श्रेय मिळून जातं. वर सांगितलेली धोक्याची लक्षणं असतील किंवा हे दुसऱ्यांदा घडलं असेल, तर थांबलेलं असतानाच या. तेव्हा बघायलाही सोपं जातं.